फिक्या माशाची निवड

रविवारी पहाटे कुर्ला पश्चिमेला शोभेच्या माशांचा बाजार भरतो. रस्त्याच्या कडेने माणसं उभी असतात आणि प्रत्येकाच्या हातात टम्म फुगवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांचा घोस. अर्धं पाणी, अर्धी हवा, वर रबरबँडची गाठ. एका पिशवीत पन्नास गप्पी, दुसरीत एकटाच फायटर. गेल्या वर्षी डिसेंबरात मी भाचीला घेऊन तिथे गेलो होतो. तिला वाढदिवसाला दोन फुटी टाकी मिळाली होती आणि त्यात तिला 'रंगीत सिक्लिड' हवे होते. बाजारात त्यांना 'चिचलिड' म्हणतात. मागताना तोच शब्द वापरावा, पटकन कळतं.

तिचं लक्ष ज्या पिशवीवर गेलं तशाच एका पिशवीवर माझंही वीस वर्षांपूर्वी गेलं होतं. इंचभर लांबीची बारा पिल्लं, कुणी हळदीसारखं पिवळं, कुणी निळं, कुणी केशरी, कुणी काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचं. "मिक्स आफ्रिकन, सब चलेगा साथ में," विक्रेता म्हणाला.

"मामा, ही घेऊया ना."

मी तिला पिशवी परत द्यायला लावली. चहाच्या टपरीवर नेलं आणि माझ्या त्या पिशवीची गोष्ट सांगितली. माझीही टाकी दोन फुटीच होती. आठ पिल्लं आणली. त्यातलं सगळ्यांत देखणं होतं ते सोनेरी अंगावर काळे पट्टे असलेलं. त्याचं नाव ऑराटस, हे मला फार उशिरा कळलं. चौथ्या महिन्यात त्याने एक दगड आपला मानला, पाचव्यात अख्खी टाकी. रोज सकाळी एखादा मासा कोपऱ्यात पाण्याच्या पृष्ठभागाशी तिरपा होऊन श्वास घेताना दिसायचा, शेपटी कुरतडलेली. सातव्या महिन्यात तो एकटा उरला. आणि ज्या सोनेरी रंगासाठी मी तो घेतला होता, तो रंगही उरला नाही. ऑराटसचा नर वयात आला आणि वरचढ झाला की काळपट पडतो. सोनेरी राहतात त्या माद्या आणि पिल्लं. जे दिसलं ते मी विकत घेतलं होतं, जे होणार होतं ते मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

सिक्लिड हे कुळ मोठं आहे. १,७०० च्या वर प्रजातींची नोंद झाली आहे आणि दरवर्षी भर पडते आहे. आपण समजतो तितकं ते परकंही नाही. उजनीच्या काठी भिगवण-इंदापूरला ताटात येणारी चिलापी, म्हणजे तिलापिया, ही सिक्लिडच. फक्त ती मूळची आफ्रिकेतली, १९५२ साली भारतात आणलेली. गोव्यातलं कालुंदर मात्र अस्सल आपल्याकडचं. केरळात त्यालाच करिमीन म्हणतात आणि २०१० पासून तो त्या राज्याचा राज्यमासा आहे. भारताच्या वाट्याला निसर्गतः सिक्लिडच्या तीनच प्रजाती आल्या आहेत. त्यातली धाकटी, केशरी अंगाची ऑरेंज क्रोमाइड, टाकीत फार शोभते. पण तिला सोबत लागते, आणि चार-सहा जणींचं दोन फुटांत भागत नाही.

हे सगळे मासे एका गोष्टीत सारखे आहेत. त्यांना घर असतं. जागा बळकावणं, हद्द राखणं, जोडी जमवणं, अंडी-पिल्लं सांभाळणं यात त्यांचं आयुष्य जातं, आणि रंग हा त्या व्यवहाराचा भाग आहे. हद्द मिळाली की रंग चढतो, हरला की उतरतो. मलावी सरोवरातला सौलोसी पाहा. माद्या आणि पिल्लं लिंबासारखी पिवळी, वरचढ नर निळा, त्यावर काळे उभे पट्टे. त्याच टाकीतला दबलेला नर मात्र धड निळा ना पिवळा असा महिनोन्‌महिने राहतो. म्हणून सिक्लिड निवडताना रंग शेवटी पाहायचा. आधी त्याला किती जागा लागेल, कसलं पाणी लागेल आणि तो कुणाशी कसा वागेल ते पाहायचं.

चहा संपेपर्यंत आम्ही जागेचा हिशेब केला. दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच म्हणजे काठोकाठ भरली तर साधारण ५६ लिटर. काचेची जाडी, वाळू, वरची मोकळी जागा वजा केली की ४५ लिटर पाणी उरतं. फ्लॉवरहॉर्न आणि ऑस्कर एकेक फुटाचे होतात. त्यांचा विषयच मिटला. एंजलफिश घरोघरी दिसतो, पण तो लांबीपेक्षा उंचीने वाढतो. परांच्या टोकापासून टोकापर्यंत मोजला तर वीतभर सहज भरतो, आणि फूटभर उंचीच्या टाकीत त्याचे पर वाकतात. पॅरट हा माणसाने घडवलेला संकर. तो केशरी असतो. जांभळा किंवा हिरवा पॅरट दिसला तर तो रंगवलेला आहे असं समजून पुढे जावं, कारण आपण घेतो म्हणून कुणीतरी ते करतो. मलावीच्या खडकातले मासे, ज्यांना तिथल्या टोंगा भाषेत मबुना म्हणतात, ते तीन फुटांच्या आत ठेवूच नयेत असं माझं ठाम मत आहे. चार फूट असतील तर उत्तम.

मलावीचाच पीकॉक घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. त्याची पिल्लं राखाडी असतात आणि नराला रंग चढायला कित्येक महिने जातात. दीड इंचाचा पीकॉक दुकानातच झगमगत असेल तर तो हार्मोन मिसळलेल्या खाद्याचा असण्याची शक्यता जास्त. ते खाद्य थांबलं की झगमगही जाते.

मग पाणी. भाचीच्या डोंबिवलीच्या घरचं नळाचं पाणी मी आधीच तपासून ठेवलं होतं. पीएच ७.४, क्षार कमी. मलावीचं पाणी ७.८ ते ८.६, टांगानिका सरोवराचं त्याहून वर. पोवळ्याचा चुरा घालून नळाचं पाणी तसं करता येतं, पण दर आठवड्याला पाणी बदलताना ते पुन्हा जुळवत बसावं लागतं. नळाला जे पाणी येतं त्याला मानवणारा मासा शोधावा, हे मी आता कुणालाही पहिल्यांदा सांगतो. सोसायटीला बोअरचं जड पाणी असेल त्यांनी बेलाशक आफ्रिकी सरोवरांकडे वळावं.

आमच्या हिशेबात शेवटी तीन नावं उरली. रॅम, अपिस्टोग्रामा आणि क्रिबेन्सिस.

रॅमचं सौंदर्य वादातीत आहे. जेमतेम पाच सेंटिमीटरचा, व्हेनेझुएला-कोलंबियातल्या ओरिनोको नदीच्या खोऱ्यातला मासा. अंगभर निळे ठिपके चमकतात आणि डोळ्यातून एक काळी रेघ उभी जाते. पण त्याला २८ अंशांचं ऊबदार आणि जुनं, मुरलेलं पाणी लागतं. नव्या टाकीत बाजारातला रॅम महिनाभर टिकला तर मला आश्चर्य वाटतं. अपिस्टोचा नर देखणा, पण बाजारात त्याची मादी मिळवताना दमछाक होते. क्रिबेन्सिस नायजेरिया आणि कॅमेरूनच्या किनारपट्टीतल्या नद्या-ओढ्यांतला. नर दहा सेंटिमीटर, मादी सात. साध्या नळाच्या पाण्यात राहतो, पंचवीस अंशांना खूश असतो. दोन फुटांत एक जोडी. एकच.

"दोनच मासे?" भाचीचा चेहरा उतरला.

बाजारापासून जवळच एका दुकानात क्रिबची टाकी होती. तिथे ती अजूनच हिरमुसली. चौदा मासे आणि सगळे तपकिरी. मधून एक काळी रेघ आडवी गेलेली, बस्स. दुकानदारानेही तिचीच बाजू घेतली. "मॅडम, ये फीका माल है. कलर चाहिए तो उधर देखो." उधर म्हणजे इलेक्ट्रिक ब्लू रॅमच्या टाकीकडे. मी दोघांनाही अर्धा तास मागितला.

पंधरा मिनिटं टाकीपासून हातभर लांब, न हलता उभं राहायचं. माणूस जवळ आला की मासे बुजतात किंवा खाण्याच्या आशेने काचेला चिकटतात. ते त्यांचं खरं वागणं नव्हे. हळूहळू ते आपल्याला विसरले. मग मी तिला नर-मादी ओळखायला सांगितलं. पाठीचा पर आणि शेपटी टोकदार तो नर. पर गोलसर, पोट भरलेलं ती मादी. पाच मिनिटांत तिने चार माद्या मोजल्या. आणखी एक गंमत दाखवली. बहुतेक माशांना नाकपुडीची प्रत्येक बाजूला दोन छिद्रं असतात, सिक्लिडला एकच. ते शोधायला ती काचेशी वाकली आणि मग वाकलेलीच राहिली.

"मामा, ही बघ काय करतेय."

डाव्या कोपऱ्यात फिल्टरच्या नळीमागे एक मादी अंगाची कमान करून एका नराच्या पुढ्यात थरथरत होती. क्रिबमध्ये पुढाकार मादी घेते. पोट नराकडे वळवायचं, अंग धनुष्यासारखं वाकवायचं आणि थरथरायचं. नर पळून गेला नाही. तिसरा मासा तिकडे फिरकला तेव्हा दोघांनी मिळून त्याला हुसकलं. जमलं तर सहा पिल्लं घेऊन त्यांना आपली जोडी आपण ठरवू द्यावी, हाच उत्तम मार्ग. पण उरलेल्या चौघांना आमच्याकडे जागा नव्हती. ही जोडी दुकानातच जमली होती.

तरी तब्येत पाहिली. दुकानदाराला चिमूटभर खाद्य टाकायला सांगितलं, दोघंही धावले. तोंडात घेऊन थुंकणारा मासा घेऊ नये. पोट आत गेलेलं नाही, विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी नाही, कल्ले धापा टाकल्यासारखे हलत नाहीत, डोळे स्वच्छ. दुकानदाराने जाळी न नाचवता दोघांना हलकेच पिशवीत घेतलं. चांगला माणूस होता. मी अर्ध्या तासात निघेन असं समजून त्याने मला तासभर उभं राहू दिलं होतं.

टाकी आम्ही महिनाभर आधीच चालू केली होती. माझ्या जुन्या फिल्टरचा स्पंज तिच्या फिल्टरला जोडून ठेवला होता, म्हणजे अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू आयते मिळाले. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्याशिवाय मासा आणायचा नाही, हा एकच नियम मी तिच्याकडून घोटून घेतला होता. खाली धुतलेली बारीक रेती, कारण क्रिब रेती चिवडतो. रस्त्यावरच्या जंगली बदामाची वाळलेली पानं; त्यांनी पाणी फिक्या चहासारखं झालं. आणि दोन नारळाच्या करवंट्या, उकळून घेतलेल्या, पालथ्या घातलेल्या, काठाला अंगठ्याएवढी फट पाडलेली. सोबत वरच्या थरात पोहणारे सहा झेब्रा डॅनिओ. वर मासे निर्धास्त फिरताना दिसले की खालचे बुजरे मासे बाहेर येतात.

पहिले आठ दिवस काही दिसलं नाही. नवव्या दिवशी नराने उजवीकडच्या करवंटीखालून तोंडाने रेती उपसायला सुरुवात केली. भाची रोज रात्री फोन करायची. एकोणिसाव्या दिवशी तिने फोन केला नाही, फोटो पाठवला. मादीच्या पोटावर पिकलेल्या रातांब्याचा रंग चढला होता, त्याच्या वर पितळी झाक. दुकानातली तीच तपकिरी मादी. नराच्या शेपटीवर काळे ठिपके उमटले होते, प्रत्येकाभोवती सोनेरी कडा.

मग मादी करवंटीत शिरली ती जवळपास दिसेनाशी झाली. नर फटीबाहेर पहाऱ्याला. डॅनिओंची सहा जणांची टोळी वरच्या एका कोपऱ्यात दाटीवाटीने उभी राहू लागली, तेव्हा मी त्यांना माझ्याकडे आणलं. त्यानंतर दहाव्या दिवशी मादी बाहेर आली आणि तिच्या पोटाखाली रेतीला टेकून एक करडा ढग सरकत होता. नीट पाहिलं तेव्हा त्याला डोळे दिसले. तिने अंगाला एक झटका दिला की पिल्लं जागच्या जागी रेतीवर बसतात. दुसरा दिला की उठतात. माझ्या बहिणीने स्वयंपाक थांबवून खुर्ची ओढली आणि ती अर्धा तास टाकीपुढे बसली. त्या घरात माशांना 'पसारा' म्हणणारी तीच होती.

पिल्लांना आर्टेमिया हे बारीक जिवंत खाद्य दिलं, दिवसाआड थोडं पाणी बदललं. अडतीस वाचली. पाणी आम्लधर्मी असलं की क्रिबच्या पिल्लांत नर जास्त निघतात हे प्रयोगांत दिसलं आहे. आमची पिल्लं अजून लहान आहेत, कळेल. त्यातली एकही उल्हास नदीत किंवा एखाद्या तलावात जाणार नाही, हे भाचीने स्वतः ठरवलं. उजनीत चिलापीने केवढा पसारा केला आहे ते तिला ठाऊक आहे. आठ माझ्याकडे येतील, बाकीची ज्यांची टाकी महिनाभर चालू आहे अशांनाच द्यायची.

नेणाऱ्यांना ती आधी आईबाप दाखवते. तुम्हीही सिक्लिड घ्याल तिथे, पिल्लू कितीही रंगीत असो, त्याचे आईबाप पाहायला मागा. दाखवता येत नसतील तर निदान त्या जातीचा पुरता वाढलेला नर आणि मादी कुठे पाहायला मिळेल ते विचारा, आणि पाहून झाल्यावरच पिशवी हातात घ्या.