सायबर हल्ला देशावर, झळ कोणाच्या खिशाला?

११ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर दरोडा पडला. बंदूक नाही, तिजोरी फोडणे नाही. एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी चोरट्यांनी आपलीच बनावट यंत्रणा बसवली आणि नकली कार्डांनी २८ देशांतून पैसे उपसले. १३ तारखेला स्विफ्टमार्गे आणखी जवळपास १४ कोटी हाँगकाँगला गेले. एकूण ९४ कोटी! संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ मध्ये उत्तर कोरियाकडे बोट दाखवले. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. पण सीमेपारच्या सूत्रधारांचे काय?

खातेदारांच्या खात्यांना धक्का लागला नाही, असे बँकेने सांगितले. प्रत्येक वेळी असेच होईल काय?

रुपया घसरला की राष्ट्राचा लाभ होत नाही, एका वर्गाचा लाभ दुसऱ्या वर्गाच्या खिशातून होतो, हे बाबासाहेबांनी १९२३ सालीच दाखवून दिले. सायबर हल्ल्यालाही हाच प्रश्न विचारला पाहिजे.

आमच्या अंबाजोगाईतून दिवाळीनंतर ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात जातात. माझा एक पक्षकार असाच फडावर होता. परतल्यावर पासबुक भरून घेतले, तेव्हा खाते रिकामे! बँकेचा पहिला सवाल: तीन दिवसांत का कळवले नाही? त्रयस्थाने केलेल्या फसवणुकीत तीन कामाच्या दिवसांत तक्रार केली तर ग्राहकावर जबाबदारी नाही, हा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम. बँकेचीच चूक असेल तर मात्र ही मुदत आडवी येत नाही आणि ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर असतो. हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

आता कायदा पाहा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७० नुसार सरकार महत्त्वाच्या संगणक यंत्रणा ‘संरक्षित’ जाहीर करते, तिथे घुसखोराला दहा वर्षांपर्यंत कैद. ठीकच आहे. पण या कायद्याखाली नुकसानभरपाई मागायची तर कलम ४६ चा न्यायनिर्णय अधिकारी गाठा, म्हणजे राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव, मुक्काम मुंबई! कलम ६१ ने अशा दाव्यांसाठी दिवाणी न्यायालयाचे दार बंद केले आहे. कोयता खाली ठेवून, रोज बुडवून, मंत्रालयात खेटे कोणी घालायचे?

प्रत्येक जिल्ह्याला असा अधिकारी द्या, ही मागणी आपल्या संघटनांनी बीडच्या जिल्हाधिकाऱ्यांमार्फत शासनाकडे लावून धरावी. निवेदनाचा मसुदा मी तयार केला आहे.