यादीच्या फोल्डरास कुलूप हवे

अतिवृष्टीचे पंचनामे असोत की अनुदानाच्या याद्या, परभणी जिल्ह्यातील शेतकऱ्याची नोंद आज कागदाइतकीच संगणकातही राहते. तीत गट क्रमांक, आधार क्रमांक व बँक खाते असते. हा फोल्डर कार्यालयातील सर्वांस उघडा असेल, तर चुकून दाबलेल्या एका कळीने नाव गळते, खात्याचा आकडा बदलतो आणि हक्काचे पैसे अडकतात. बियाण्याचे गोदाम कोणी उघडे टाकीत नाही. यादीचीही तीच निगा राखावी.

पुष्कळ कार्यालयांत काही संगणक विंडोजवर, तर काही लिनक्सवर चालतात. दोहोंत फाइलींची देवघेव व्हावी म्हणून ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी तयार केलेली 'सांबा' प्रणाली १९९२ पासून उपयोगात आहे.

अशा जोडणीत दारे दोन असतात. एक, जाळ्यावरून फोल्डरात शिरण्याचे. दुसरे, प्रत्यक्ष फाइलीचे. जाळ्यावरून येणाऱ्यास दोन्ही दारांची परवानगी लागते. एकाने लिहिण्याची व दुसऱ्याने केवळ वाचण्याची मुभा दिली, तर वाचताच येते. मात्र त्याच संगणकावर बसणाऱ्यास पहिले दार अडवीत नाही. म्हणून दोन्ही लावावीत.

ती पुढीलप्रमाणे लावावीत :

१. प्रत्येकास स्वतंत्र नाव व संकेतशब्द द्यावा. 'सर्वांस' दिलेली परवानगी काढावी.

२. परवानगी कामाच्या गटास द्यावी. यादी करणाऱ्यांस लिहिण्याची, पाहणाऱ्यांस वाचण्याची, इतरांस कोणतीच नाही.

३. बदली झालेल्याचे नाव त्याच दिवशी गटातून काढावे.

४. दुसऱ्या संगणकावरून, केवळ वाचण्याची मुभा असलेल्या नावाने, एखादी रिकामी फाइल बदलून पाहावी. ती बदलली, तर कुलूप लागलेले नाही असे समजावे.

५. यादीची एक प्रत जाळ्यापासून सुट्या डिस्कवर ठेवावी.

फाइल-वाटपाची जुनी 'एसएमबी १' पद्धत बंद करावी. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' हा घातक प्रोग्रॅम तिच्यातील दोषातून जगभर पसरला. पुढच्याच महिन्यात आलेल्या 'नॉटपेट्या'ने न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प केले.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी आपल्या कार्यालयात या पाच गोष्टी पडताळाव्यात. शेतकऱ्यांनीही यादी लागताच आपले नाव व गट क्रमांक तपासावा. चूक दिसल्यास लगेच लेखी कळवावे व पोच घ्यावी. संगणकातील चूक वेळीच दुरुस्त होते; पैसे दुसऱ्याच्या खात्यात गेल्यावर मात्र हेलपाटे शेतकऱ्यासच पडतात.