कुलूप फोडण्यापूर्वी

घरमालक मुंबईस वा आखातात, घर म्हापशास वा मडगावास, आणि ज्याला ते भाड्याने दिले तो नाहीसा होऊन आत भलतेच कुटुंब नांदत आहे, हा प्रकार गोमंतकात अपूर्व राहिलेला नाही. अशा वेळी चार दांडगे नेऊन सामान रस्त्यावर फेकावे, असा सल्ला देणारे हितचिंतक पुष्कळ भेटतात. (साक्षीला मात्र त्यांतला एकही येत नाही.) हा सल्ला मालकाने मुळीच मानू नये. १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या सहाव्या कलमान्वये, बळाने बाहेर काढलेला इसम सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो. मालकी कोणाची, हा प्रश्न तेथे विचारलाच जात नाही.

भाडेकरूने लेखी संमतीवाचून पोटभाडेकरू ठेवला असेल, तर १९६८ चा इमारत भाडे नियंत्रण कायदा जेथे लागू आहे तेथे भाडे नियंत्रकाकडे अर्ज करावा. निव्वळ घुसखोर असेल, तर दिवाणी न्यायालय गाठावे. दरम्यान त्याच्याकडून भाडे म्हणून एक पैही घेऊ नये. ती पावतीच उद्या भाडेपट्ट्याचा पुरावा म्हणून पुढे येते. बारा वर्षे कोणी हटकलेच नाही, तर मुदतीचा कायदाही घुसखोराकडे झुकतो.

मुंडकाराला मात्र या पंक्तीत बसवू नये. भाटकाराच्या संमतीने राहणाऱ्या त्या माणसास १९७५ च्या कायद्याने दिलेले संरक्षण न्याय्यच आहे.

आमची तक्रार आहे ती विलंबाविषयी. मालक पंधरा दिवसांच्या रजेवर येतो आणि पुढची तारीख तो परतल्यानंतरची पडते. असे अर्ज सलग सुनावणीला घेण्यास सरकारची काय हरकत आहे?