इनाम उघड, पैज चोरटी

खेळ आणि पैसा : भाग सहावा

२०२५ साली अहिल्यानगर जिल्ह्याने दोन महिन्यांत दोन महाराष्ट्र केसरी पाहिले. २ फेब्रुवारीला नगर शहरात, वाडिया पार्कवर, पुण्याच्या पृथ्वीराज मोहोळने सोलापूरच्या महेंद्र गायकवाडला हरवून गदा उचलली. ३० मार्चला कर्जतला सोलापूरच्या वेताळ शेळकेने पृथ्वीराज पाटीलला हरवून तोच किताब मिळवला. मग त्या वर्षीचा खरा केसरी कोण? पारावर बसून वाद घालणाऱ्यांना हा विषय महिनाभर पुरतो. पण समजा, जानेवारीतच कुणी पैसे लावले असते की यंदाचा केसरी सोलापूरचाच होणार, तर तो जिंकला की हरला?

मागच्या भागात आपण मटक्याचा हिशेब पाहिला. मटक्यात आकडा निघाला की वाद मिटतो. खेळाचे तसे नाही. तिथे निकाल कुणीतरी द्यावा लागतो आणि तो देण्याचा अधिकार कुणाचा, हेही आधी ठरावे लागते. म्हणून या भागात दोन प्रश्न घेऊ. विजेता ठरवतो कोण? आणि त्या निकालावरचा पैसा जातो कुणाच्या खिशात?

एक किताब, दोन मांडव

महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने १९५३ मध्ये उभी राहिली. केसरीची स्पर्धा १९६१ मध्ये औरंगाबादला सुरू झाली आणि दिनकर दह्यारी पहिले केसरी झाले. पुढे माती आणि गादी असे दोन विभाग आले. दोन्हींचे विजेते शेवटी एकमेकांशी भिडतात आणि जिंकणाऱ्याला मामासाहेबांच्या स्मरणार्थ मोहोळ कुटुंबाकडून चांदीची गदा मिळते. काही वर्षी शेवटची कुस्ती निकाली झालीच नाही, तेव्हा किताब कुणालाच दिला गेला नाही. पण एका वर्षी दोन केसरी हा प्रकार नवा आहे. २०२२ मध्ये भारतीय कुस्ती महासंघाने जुनी परिषद बरखास्त केली आणि महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर संघाला मान्यता दिली. वाद कोर्टात गेला आणि दोन गट दोन मांडव घालू लागले. २०२३ च्या नोव्हेंबरात फुलगावला सिकंदर शेख केसरी झाला आणि त्याच महिन्यात धाराशिवला शिवराज राक्षे. २०२५ मध्ये हेच नगर जिल्ह्याच्या वाट्याला आले. शहरातली स्पर्धा संघाची होती, कर्जतची परिषदेची.

शहरातल्या स्पर्धेत तर निकाल देणाऱ्यावरच हात, खरे तर पाय, उगारला गेला. गादी विभागाच्या अंतिम कुस्तीत पंचांनी पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निर्णय दिला. आपले दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, रिप्ले पाहा, असे राक्षेचे म्हणणे होते. वाद वाढला आणि त्याने पंचांची कॉलर धरून लाथ मारली. नंतर किताबाच्या लढतीतही पंचांच्या निर्णयावर चिडून गायकवाड शेवटच्या क्षणांत मैदान सोडून गेला. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. खांदा टेकला की नाही हा डोळ्याचे पाते लवण्याइतका क्षण असतो. पैलवानाची वर्षभराची मेहनत, वस्तादाचे नाव आणि गावाची इज्जत त्याच क्षणावर टांगलेली असते. त्यावर पैजेचे पैसेही टांगले तर काय होईल, हे समजायला आधी आपल्याकडे कुस्तीत पैसा येतो कसा ते पाहायला हवे.

हगाम्यातला पैसा

नगर जिल्ह्यात जत्रेच्या कुस्त्यांना हगामा म्हणतात. पाथर्डी तालुक्यात मोहटादेवीच्या यात्रेत नवरात्रानंतर हगामा भरतो आणि बाकी गावांतही यात्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारपासून हलगी कडाडू लागते. सुरुवात रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी होते. लंगोट सावरणारी पाच-सहा वर्षांची पोरे मातीत लोळतात आणि मूठभर रेवड्या घेऊन आईकडे धावतात. मग नारळावरच्या कुस्त्या, मग पन्नासाच्या, शंभराच्या, पाचशेच्या. पंचकमिटीतले जाणते लोक जोड लावतात. दोन पैलवानांना शेजारी उभे करून दंड, मान, वजन डोळ्यांनी जोखतात आणि हात मिळवून देतात. इनामाची रक्कम आधीच कर्ण्यावरून जाहीर झालेली असते आणि ती लोकवर्गणीतून, नाहीतर एखाद्या हौशी माणसाच्या खिशातून येते. कुस्ती रेंगाळली की गर्दीतून कुणीतरी ओरडतो, ‘निकाली करा, माझ्याकडून दोनशे जादा!’ तरीही सुटली नाही तर पंच बरोबरीत सोडवतात आणि इनाम दोघांत वाटून देतात.

या व्यवहारात हरलेला पैलवान फेटा झटकून, अंगाची माती पुसून घरी जातो. त्याची बक्षिसाची संधी गेली, पण खिशातला एक रुपयाही गेला नाही. प्रेक्षकाने वर्गणी दिली ती कुस्ती पाहण्यासाठी, अमुकच जिंकावा म्हणून नाही. पैजेत मात्र एकाचे गेल्याशिवाय दुसऱ्याला मिळत नाही.

हाच फरक मुंबई उच्च न्यायालयाने एका कुस्तीवरच स्पष्ट केला आहे. वकिलीच्या विद्यार्थ्यांना ‘बाबासाहेब रहिमसाहेब विरुद्ध राजाराम रघुनाथ आल्पे’ हे नाव पाठ असते. १९३१ च्या निकालसंग्रहात छापलेला हा खटला. पुण्यात ठरलेल्या दिवशी कुस्ती खेळायची असा दोन पैलवानांचा करार झाला. जो येणार नाही त्याने दुसऱ्याला ५०० रुपये द्यायचे आणि जो जिंकेल त्याला तिकीटविक्रीतून १,१२५ रुपये मिळायचे. एकजण आलाच नाही. दुसऱ्याने ५०० रुपयांचा दावा लावला. जो आला नव्हता त्याचा बचाव असा, की हा पैजेचा करार आहे आणि १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल असतो. न्यायालयाने तो मानला नाही. जिंकणाऱ्याचे १,१२५ रुपये प्रेक्षकांच्या तिकिटातून येणार होते, हरणाऱ्याच्या खिशातून नव्हे. कुस्तीच्या निकालामुळे दोघांपैकी कुणालाही पदरचे काही द्यावे लागणार नव्हते. म्हणून ती पैज नव्हे, असे ठरले.

खरी पैज असती तर जिंकणाऱ्याला कोर्टाची पायरी चढून काहीच मिळाले नसते. मुंबई इलाख्याने तर १८६५ मध्येच एक पाऊल पुढे टाकून कायदा केला होता, की पैजेसाठी उसने दिलेले पैसेही कोर्टातून वसूल करता येणार नाहीत. पुढे १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आला. त्याने परवान्याच्या मैदानावरची घोड्यांची शर्यत वगळून बाकी पैज जुगारात धरली. १९७६ मध्ये राज्याने कॅसिनोसाठी एक कायदा करून ठेवला होता. तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्दही झाला. थोडक्यात, पैलवानाचे इनाम आपल्याकडे कर्ण्यावरून जाहीर होते आणि त्याच कुस्तीवरची पैज कानात कुजबुजून लागते.

अमेरिकेत नेमके उलटे

तुलनेला अमेरिकेतले कॉलेज फुटबॉल घेऊ; विजेता कोण आणि पैसा कुणाचा, हे दोन्ही प्रश्न तिथेही आहेत. हा खेळ म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन धावायचा, धडका मारायचा खेळ. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन या महाविद्यालयांत पहिला सामना झाला आणि रटगर्सने तो ६-४ असा जिंकला. पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ या खेळाचा राष्ट्रीय विजेता अंतिम सामना खेळून ठरतच नव्हता. १९३६ पासून असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था पत्रकारांची मते घेऊन क्रमवारी लावू लागली. १९५० पासून प्रशिक्षकांची मते घेणारी दुसरी क्रमवारी आली. दोन क्रमवाऱ्या म्हटल्यावर दोन विजेते आलेच. १९९७ च्या हंगामात पत्रकारांनी मिशिगनला पहिले ठरवले, प्रशिक्षकांनी नेब्रास्काला.

हे थांबावे म्हणून १९९८ मध्ये बीसीएस नावाची पद्धत आली. क्रमवारी आणि संगणकाचे गणित यांवरून दोन संघ निवडायचे आणि त्यांचा अंतिम सामना खेळवायचा. तरीही २००३ च्या हंगामात लुइझियाना स्टेटने तो सामना जिंकला आणि पत्रकारांनी सदर्न कॅलिफोर्नियाला विजेते ठरवले. शेवटी २०१४ च्या हंगामापासून चार संघांची बाद फेरी सुरू झाली आणि २०२४ पासून ती बारा संघांची झाली. मैदानावरच विजेता ठरावा एवढ्या साध्या गोष्टीला दीड शतक लागले. आपली कुस्ती निघाली १९६१ मध्ये एका मैदानातून आणि आज दोन मैदानांत येऊन पोहोचली आहे.

पण आपल्या विषयाला महत्त्वाचा आहे तो तिथल्या खेळाडूचा खिसा. सामन्याला लाखभर लोक येत, टीव्हीच्या हक्कांतून विद्यापीठांना अमाप पैसा मिळे, पण खेळाडू ‘हौशी’ म्हणून त्याला शिष्यवृत्तीपलीकडे काही घेता येत नसे. कुणाकडून रोख पाकीट घेतले तर त्याच्यावर बंदी. पैज मात्र नेवाडा राज्यात राजरोस लागत होती आणि इतरत्र चोरून. १९९२ च्या केंद्रीय कायद्यामुळे बाकी बहुतेक राज्यांना खेळावरच्या पैजेला परवानगी देता येत नव्हती. १४ मे २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला आणि त्यानंतर तीसहून अधिक राज्यांनी पैज खुली केली. खेळाडूला आपल्या नावावर जाहिरातीतून कमावायची मुभा मिळाली ती १ जुलै २०२१ पासून आणि विद्यापीठाकडून थेट पैसे मिळू लागले ते २०२५ मध्ये. बघणाऱ्याला आधी आणि खेळणाऱ्याला नंतर, असा तिथला क्रम.

हरायचीही गरज नाही

पैज उघड आणि खेळाडूचा खिसा रिकामा, या उलट्या क्रमाचे फळ काय मिळाले ते पाहण्यासारखे आहे. तिथला बुकी नुसते ‘कोण जिंकेल’ विचारत नाही. बलाढ्य संघ जिंकणार हे शेंबडे पोरही सांगेल, मग दुबळ्यावर पैसे लावणार कोण? म्हणून तो फरक ठरवून देतो. समजा, फरक १४ गुणांचा ठेवला. बलाढ्य संघावर पैसे लावणाऱ्याला तो संघ १४ पेक्षा जास्त गुणांनी जिंकावा लागतो. दुबळ्यावर लावणाऱ्याला तो संघ १४ पेक्षा कमी फरकाने हरला तरी पैसे मिळतात. त्यामुळे दोन्ही बाजूंना गिऱ्हाईक सापडते आणि बुकीचे कमिशन सुटते.

खेळाडूपुढचा मोह इथेच सुरू होतो. त्याला हरायला कुणी सांगत नाही. ‘जिंक, पण जरा कमी फरकाने,’ एवढेच मागणे. एक चेंडू हातातून निसटला तर कोण बोट दाखवणार? नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या एका खेळाडूने १९९४ च्या एका सामन्यात पैजेपायी मुद्दाम चेंडू सोडल्याची कबुली पुढे दिली. १९९६ मध्ये बोस्टन कॉलेजचे तेरा खेळाडू पैजा लावल्याबद्दल निलंबित झाले. त्यांतल्या दोघांनी तर आपल्याच संघाविरुद्ध पैसे लावले होते. स्टेडियमभर पैसा आणि खेळणाऱ्याचा खिसा रिकामा, हे गणित फार काळ सरळ राहत नाही.

आपल्याकडे नुरा कुस्ती नाही असे कुणीच म्हणणार नाही. दोघांनी आधीच ठरवून बरोबरी करायची आणि इनाम वाटून घ्यायचे, हे जुने दुखणे आहे. पण त्याचा तोटा जास्तीत जास्त त्या गावच्या वर्गणीएवढा, आणि जाणते पंच अशी जोड पुढच्या वर्षी लावत नाहीत. २०२० च्या जानेवारीतली बालेवाडीची अंतिम कुस्ती आठवा. आपल्याच नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके, दोघेही काका पवारांच्या तालमीतले. हर्षवर्धन जिंकला आणि त्याने हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून घेतले. महाराष्ट्राने त्याचे कौतुक केले. त्याच कुस्तीवर कोट्यवधींच्या पैजा लागलेल्या असत्या, तर एकाच वस्तादाचे दोन पठ्ठे अंतिम फेरीत म्हटल्यावर पहिला प्रश्न चौकशीचा निघाला असता.

फोनमधला बुकी

आज हा प्रश्न हगाम्यापुरता उरलेला नाही. गेल्या काही वर्षांत फोनवरच्या ॲपने पैज गावोगाव पोहोचवली आणि तिला कौशल्याचा खेळ असे नाव दिले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा करून पैसे लावून खेळायच्या सगळ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही, पण बुडालेले पैसे परत मागायचे तर करार कायद्याचे कलम ३० तिथेही आडवे येतेच.

बंदी की परवानगी, यावर दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे बरेच आहे. पैज उघड केली तर कर मिळतो आणि संशयास्पद व्यवहारांवर नजर ठेवता येते, हा अमेरिकेचा अनुभव. पण त्यासाठी आधी दोन गोष्टी पक्क्या लागतात. निकाल देणारा एकच असावा आणि त्याचा शब्द सगळ्यांनी मानावा. आणि खेळणाऱ्याचा वाटा बघणाऱ्याच्या आधी ठरलेला असावा. दुसरी गोष्ट आपल्या हगाम्याला पूर्वीपासून येते. पहिली मात्र २०२५ मध्ये नगर जिल्ह्यातच दोनदा निसटली. ती दुरुस्त करायला कुठला नवा कायदा लागत नाही. दोन्ही गटांनी एका मांडवात बसून एकच पंचकमिटी नेमली, तरी पुरे.

(पुढील भागात : पैज सगळीकडे गुन्हा, मग महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर ती चालते कशी?)