शर्यतीआधी पाय आवरा

गेल्या वर्षी जानेवारीतली गोष्ट. मुंबई मॅरेथॉनला दहा दिवस उरले असताना एक तरुण लंगडत माझ्या चिरनेरच्या दवाखान्यात आला. सोबत त्याची पत्नी होती.

"डॉक्टर, गुडघा गेला बघा माझा. पाच महिन्यांची मेहनत पाण्यात गेली."

मी गुडघा नीट तपासला. सूज नव्हती, लालपणा नव्हता, दाबले तरी नेमके एका जागी दुखत नव्हते. उठाबशा काढायला सांगितल्या, त्या त्याने सहज काढल्या. "दुखायला कधी लागला?" म्हणून विचारले, तर उत्तर पत्नीने दिले : "धावणे कमी केल्यापासून! धावत होते तेव्हा ठणठणीत होते. आता रात्री झोपत नाहीत, दिवसा सगळ्यांवर खेकसतात."

निदान तिनेच केले होते. मॅरेथॉनपूर्वीच्या विश्रांतीच्या काळात अनेक धावपटूंना हा त्रास होतो. जंगल सत्याग्रहाचे आपले चिरनेर आता पहाटे धावणाऱ्यांनाही ओळखू लागले आहे. अक्कादेवीच्या डोंगराकडे आणि साईच्या रस्त्याला मुले-मुली सराव करताना दिसतात. म्हणून आज या विषयावर चार शब्द.

सराव कमी का करायचा?

पूर्ण मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. तिच्यासाठी चार-पाच महिने सराव करावा लागतो. प्रत्येक लांब धावेत स्नायूंचे तंतू सूक्ष्म प्रमाणात फाटतात, साठवलेली शर्करा खर्च होते, थकवा साचत जातो. ताकद वाढते ती पळताना नव्हे. पळून झाल्यावर शरीर ही दुरुस्ती करते तेव्हा. म्हणून शेवटचे दोन ते तीन आठवडे सराव टप्प्याटप्प्याने उतरवतात.

भाताच्या लोंब्या भरल्या की शेतकरी खाचरातले पाणी सोडून देतो आणि दाणा पक्व होऊ देतो. त्या वेळी आणखी पाणी, आणखी खत घालून पीक वाढत नाही. शरीराचेही तसेच आहे.

"पण दोन आठवड्यांत दम कमी होईल ना?" हा प्रश्न हमखास येतो. नाही. एवढ्या काळात हृदय व फुप्फुसांची कमावलेली क्षमता जवळपास तशीच राहते, मात्र थकवा उतरतो. उलट शेवटच्या आठवड्यात केलेल्या लांब धावेचा फायदा शर्यतीपर्यंत मिळत नाही, पदरात पडतो तो फक्त शीण.

हे मी स्वतः भोगले आहे. माझ्या पहिल्या मॅरेथॉनला पाच दिवस उरले असताना सराव वाया चालल्याची धास्ती वाटली. एका पहाटे कुणालाही न सांगता मी २५ किलोमीटर धावून आलो. त्या दिवशी फार समाधान वाटले. शर्यतीत मात्र ३० किलोमीटरनंतर मांड्या दगडासारख्या झाल्या आणि पेडर रोडचा चढ मी चालत चढलो. दुसऱ्यांना विश्रांती लिहून देणाऱ्या डॉक्टरची ही कथा!

किती कमी करायचा?

समजा, आठवड्याला ६० किलोमीटर धावत असाल, तर शर्यतीला तीन आठवडे उरल्यावर ४५, नंतर ३५ आणि शर्यतीच्या आठवड्यात शर्यत सोडून १५ ते २० किलोमीटर पुरे. अंतर कमी करा, पण वेग अगदी सोडून देऊ नका. आठवड्यातून एक-दोनदा थोडे अंतर शर्यतीच्या वेगाने धावा, म्हणजे पाय सुस्तावत नाहीत. पूर्ण बंदही करू नका. पोलीस भरतीसाठी १६०० मीटरची तयारी करणाऱ्या मुलांनीही चाचणीआधीचे चार-पाच दिवस याच पद्धतीने हलके ठेवावेत.

मन का बिघडते?

रोजच्या धावण्याने मन हलके होण्याची शरीराला सवय लागलेली असते. ते कमी झाले की चिडचिड होते, झोप उडते. रिकाम्या वेळात लक्ष शरीराकडे जाते आणि एरवी जाणवलीही नसती अशी कळ मोठी वाटू लागते. त्यातच वजन एक-दोन किलो वाढते. घाबरू नका, ती चरबी नव्हे. स्नायूंत शर्करा साठते तेव्हा तिच्या सुमारे तिप्पट पाणी तिच्यासोबत साठते. हीच शिदोरी शर्यतीत कामाला येते.

उपाय साधे आहेत. धावण्याची ठरलेली वेळ मोकळी सोडू नका. त्या वेळी अर्धा तास चाला, हलके ताण द्या, मुलांचा अभ्यास घ्या. सरावाची वही उघडून पाच महिन्यांतली अंतरे वाचा, धीर येतो. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की हे दोन आठवडे मी थोडा चिडका असेन. मात्र उरलेली शक्ती भलतीकडे खर्च करू नका. याच दिवसांत गावोगावी क्रिकेटचे सामने असतात, हळदीला नाच असतो. पाय मुरगळायला एक चेंडू पुरतो.

खाणे आणि झोप

शेवटचे दोन-तीन दिवस भात, तांदळाची भाकरी, पोहे, बटाटा, केळी असे पिष्टमय पदार्थ ताटात वाढवा आणि तेलकट-तिखट कमी करा. जानेवारी म्हणजे आपल्याकडे पोपटीचे दिवस. पण वालाच्या शेंगांनी पोटात वायू धरतो, तेव्हा पोपटी शर्यतीनंतर! नवा पदार्थ, नवे बूट, नवी गोळी असला कोणताही प्रयोग या काळात नको. तहानेप्रमाणे पाणी प्या, भीतीपोटी लिटरच्या लिटर नको. अति पाण्याने रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

शर्यत पहाटे सुटते, त्यामुळे आपल्याकडच्या माणसाला रात्रीच घर सोडावे लागते. आदल्या रात्री झोप लागली नाही तरी फारसे बिघडत नाही. त्याआधीच्या दोन-तीन रात्री मात्र पोटभर झोपा.

खरे दुखणे कसे ओळखावे?

आज इथे, उद्या तिथे सरकणारी, चालू लागले की विसरली जाणारी कळ बहुधा निरुपद्रवी असते. पण हाडावर बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, पाऊल टाकताना वाढत असेल, सूज असेल किंवा रात्री ठणकत असेल, तर तपासून घ्या. हाडाला बारीक तडा असू शकतो. वेदनाशामक गोळी घेऊन शर्यतीला उभे राहू नका. पाणी कमी पडलेल्या शरीरात अशा गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात. ताप असेल तर धावू नका. छातीत दुखणे, चक्कर, नेहमीपेक्षा जास्त धाप ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मधुमेह वा रक्तदाब असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय नाव नोंदवूच नये. शर्यत पुढच्या वर्षीही असते.

त्या तरुणाला मी एकही गोळी दिली नाही. हेच सारे समजावून सांगितले आणि रोज अर्धा तास पत्नीबरोबर चालायला जायची सक्ती केली. शर्यतीनंतरच्या मंगळवारी तो पुन्हा आला. पायऱ्या कठडा धरून चढत होता, पण गळ्यात पदक होते. मी गुडघ्याची चौकशी केली, तर म्हणाला, "कुठला गुडघा, डॉक्टर?"