जुनी गिअरची सायकल आणि गुडघे
पाथर्डी तालुक्यातल्या करंजी घाटाच्या चढावर हलका गिअर पडला नाही, तर गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो आणि गुडघा पुढून दुखू लागतो. म्हणून जुनी गिअरची सायकल घेतल्यावर मागचा डिरेलर तपासावा. मागून पाहताना तो दातेरी चकत्यांना समांतर दिसायला हवा. वाकलेला हँगर सरळ करून घ्यावा. गंजलेली केबल बदलावी. नव्या चेनच्या २४ कड्या १२ इंच भरतात. दीड मिलिमीटर जास्त भरल्या तर चेन झिजली. ‘एल’ स्क्रू सैल असेल तर चेन मोठ्या चकतीवरून आऱ्यांत अडकून चाक थांबते, चालवणारा पडतो. मागचे चाक उचलून सगळे गिअर फिरवून पाहावेत, मगच सायकल घाटात न्यावी.