नळीआडच्या काळ्या रेघा

सिकलसेलची पहिली तपासणी अगदी साधी असते. बोटाला सुई टोचून जेमतेम एक थेंब रक्त घ्यायचे आणि दोन मिलिलिटर द्रावणाच्या काचेच्या नळीत सोडायचे. द्रावणात फॉस्फेटचे क्षार असतात, तांबड्या पेशी फोडणारे सॅपोनिन असते आणि ऑक्सिजन काढून घेणारे सोडियम डायथायोनाइट असते. पाचेक मिनिटांनी नळी काळ्या रेघा आखलेल्या कागदापुढे धरतात. रेघा आरपार दिसल्या तर तपासणी निगेटिव्ह. नळी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर रक्तात सिकलसेलला कारण ठरणारे हिमोग्लोबिन एस आहे.

डहाणू आणि तलासरी तालुक्यांत उपकेंद्रे आणि आश्रमशाळा ही या तपासणीची नेहमीची ठिकाणे. वारली, कोकणा, धोडिया, दुबळा, काथोडी अशी इथली वस्ती. रांग लावणे, नावे लिहिणे, बोटाला स्पिरिट लावणे यांत पाहण्यासारखे काही नाही. पाहावे ते तंत्रज्ञाचे काम, तेही रांग सुरू होण्याआधीचे. डायथायोनाइटच्या डबीचे झाकण उघडले की गंधकाचा उग्र वास नाकात भरतो. ही पूड दमट हवेत लवकर निकामी होते, आणि डहाणूची हवा समुद्राची. पुडीचा जोर गेला तर आजारी माणसाचीही नळी स्वच्छ दिसते आणि तो ‘निगेटिव्ह’ म्हणून घरी जातो. म्हणून जाणता तंत्रज्ञ आधी माहीत असलेल्या वाहकाचे रक्त एका नळीत घालतो, निरोगी माणसाचे दुसरीत, आणि पहिली नळी नीट गढूळली तरच पुढच्या बोटाला सुई लावतो. या दोन नळ्या अहवालातल्या आकड्यात धरल्या जात नाहीत. बाकी सगळ्या तपासण्यांचा भरवसा मात्र त्यांच्यावरच असतो.

आकड्यांना सध्या फार महत्त्व आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट आहे. मोहिमेचा विषय निघाला की हे ७ कोटी पुढे येतातच.

नळी गढूळ झाली तरी माणूस वाहक आहे की आजारी, हे तिच्यावरून कळत नाही. त्यासाठी रक्त मोठ्या प्रयोगशाळेत जाते आणि विद्युत क्षेत्रात हिमोग्लोबिनचे पट्टे वेगळे केले जातात. ‘एएस पॅटर्न’ म्हणजे वाहक आणि ‘एसएस पॅटर्न’ म्हणजे सिकलसेलग्रस्त, हे शब्द आता आशाताईंच्याही तोंडी आहेत. १९४९ मध्ये लायनस पाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पट्ट्यांवरून हा रेणूचा आजार असल्याचे दाखवले. पुढे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी दोष नेमका कुठे आहे ते शोधले: बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. एका अमिनो आम्लाच्या या अदलाबदलीमुळे ऑक्सिजन सोडलेले हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे ताठ धागे बनतात आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकते. हा दोष जंगलपट्ट्यांत टिकून राहिला तो मलेरियामुळे. वाहकांना जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतल्या अभ्यासातून मांडले.

पेशी अशी वाकण्यात तिच्या चयापचयाचाही हात आहे. प्रौढ तांबड्या पेशीत केंद्रक नसते आणि मायटोकॉन्ड्रियाही नसतात. ग्लुकोज फोडून लॅक्टिक आम्ल बनवायचे, एवढ्याच वाटेने ती ऊर्जा मिळवते. त्याच वाटेवर २,३-बीपीजी नावाचे संयुग तयार होते आणि ते हिमोग्लोबिनला ऑक्सिजन सोडायला लावते. रक्त कमी असले की शरीर हे संयुग वाढवते. निरोगी हिमोग्लोबिन असलेल्याला याचा फायदा होतो, सिकलसेलग्रस्ताचे मात्र नुकसान होते. जितका ऑक्सिजन सुटेल तितके धागे जास्त बनतात. एरवी १२० दिवस जगणारी पेशी मग दहा-वीस दिवसांतच फुटते.

फुटलेल्या पेशीतले हिमोग्लोबिन रक्तात मोकळे फिरते. रक्तवाहिन्या सैल ठेवणारे नायट्रिक ऑक्साइड ते संपवून टाकते, आणि त्यातल्या हीममुळे दाहाची यंत्रणा चेतते. वाहिन्यांचे अस्तर चिकट होते, पांढऱ्या पेशी तिथे चिकटतात आणि वाकलेल्या पेशी त्यांच्यामागे अडकतात. म्हणूनच कोणताही संसर्ग नसताना या रुग्णांच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात. हा केवळ रक्त कमी असण्याचा आजार नव्हे, तो कायमचा धुमसणारा दाह आहे. सांधे आणि हाडे ठणकतात, त्याचे मूळ इथे. गारठा आणि शरीरातले पाणी कमी होणे यांनी हा ठणका उसळतो. आवणीच्या दिवसांत कमरेत वाकून दिवसभर भिजणाऱ्या बाईला दोन्ही गोष्टी भोवतात, आणि गावात तिच्या दुखण्याला ‘वात’ म्हटले जाते.

यावर सर्वाधिक वापरात असलेले औषध कर्करोगाच्या उपचारांतून आले आहे. हायड्रॉक्सीयुरिया १८६९ मध्ये जर्मनीत पहिल्यांदा बनवले गेले आणि जवळजवळ शंभर वर्षांनी रक्ताच्या कर्करोगावर वापरात आले. डीएनएचे घटक तयार करणारे विकर ते रोखते, त्यामुळे भराभर वाढणाऱ्या पेशींना लगाम बसतो. सिकलसेलमध्ये त्याने दोन गोष्टी साधतात. गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुन्हा वाढते आणि धागे बनण्यात अडथळा आणते. पांढऱ्या पेशी कमी होतात आणि दाह उतरतो. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २९९ प्रौढ रुग्णांवरच्या अमेरिकेतल्या चाचणीत वेदनेचे झटके जवळजवळ निम्म्यावर आले. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी मुलांना दर किलो वजनामागे रोज १० मिलिग्रॅमचीच मात्रा देऊन पाहिली, आणि तीही लागू पडली. कमी मात्रा म्हणजे कमी खर्च आणि कमी दुष्परिणाम. खेड्यापाड्यांच्या दृष्टीने अमेरिकेतल्या चाचणीपेक्षा ही माहिती अधिक कामाची.

पण पंधरा किलोच्या पोराला दीडशे मिलिग्रॅम औषध हवे आणि नेहमीची कॅप्सूल पाचशेची. शिवाय हे औषध रोज, वर्षानुवर्षे घ्यायचे असते. पांढऱ्या पेशी फार उतरल्या तर नाही ना, हे पाहायला अधूनमधून सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करावी लागते. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर ‘जगायला’ जातात, बरेच जण तलासरीहून उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत जातात. भट्टीवर उष्णता आणि पाण्याची चणचण, म्हणजे झटक्याला आमंत्रणच. नेमके याच दिवसांत तपासणीचे कार्ड आणि गोळ्या घरी राहतात.

उंबरगावच्या पुढे वलसाडमध्ये याच जमातींवर काम झाले आहे. तिथले डॉ. यझदी इटालिया यांनी गुजरातच्या सिकलसेल कार्यक्रमाचा पाया घातला आणि त्यासाठी त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. वारल्यांची सोयरीक राज्याची हद्द पाहून ठरत नाही. महाराष्ट्रात तपासलेली मुलगी गुजरातेत नांदायला गेली तर तिचे कार्ड तिथल्या यंत्रणेने ओळखले पाहिजे. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता आजारी मुलाची असते. एवढे समजावायला तपासणीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि तो वेळ ७ कोटींच्या हिशेबात कुठे लिहिला जात नाही.

२०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने जनुक दुरुस्तीच्या उपचाराला मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर आहे. पाड्यावरच्या सिकलसेलग्रस्तासाठी तूर्त उपचार म्हणजे रोजची हायड्रॉक्सीयुरियाची मात्रा, भरपूर पाणी, ताप आला की लगेच दवाखाना आणि ठरल्या वेळी सीबीसी. यातल्या पहिल्या आणि शेवटच्या गोष्टीसाठी साठा संपू न देणारे औषधभांडार आणि रक्त गोळा करायला पाड्यापर्यंत जाणारा माणूस, दोन्ही लागतात.